कॉलरखालची तक्रार

माझी मान मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. पाहायचं कारणही नव्हतं. शिंप्याचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या माना मोजायचा धंदा. गळ्याभोवती टेप फिरवायची, टेपच्या आत एक बोट घालायचं, म्हणजे माणसाला श्वास घेता येईल अशी कॉलर होते. या बोटाने मी कितीतरी माना ओळखतो. बँकेतले मॅनेजर मान आखडून उभे राहतात, जणू मी कर्जच मागायला आलोय. शाळेतली पोरं गुदगुल्या होतात म्हणून मान कासवासारखी आत ओढतात. माझी स्वतःची मान मात्र सदा मशीनवर वाकलेली. ती दिसायची ती दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, आणि त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, म्हणजे बरी असणार असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी मी शर्टाची बटणं लावत होतो आणि मागून आमची ही म्हणाली, "अहो, आज मान धुवायची राहिली वाटतं."

"धुतली की."

"मग ही कोणाची राहिली?"

असं म्हणून तिने ओल्या पंच्याने माझी मान खसखसून पुसली. पंचा बघितला, मान बघितली, परत पंचा बघितला. "निघत नाही," ती म्हणाली. ज्या आवाजात ती करपलेल्या पातेल्याबद्दल बोलते त्याच आवाजात.

सूनबाई चहा घेऊन आली होती. तिने वाकून बघितलं. "बाबा, मानेवर काळा पट्टा आलाय. कॉलर टेकते ना, बरोबर तिथे."

बरोबर तिथे! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता मागे वळून बघताना वाटतं, तो प्रकाश जरा कमी पडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

झालं होतं असं, की त्या दिवसांत माझ्या दुकानात इस्पितळाच्या गणवेशांचं काम चाललं होतं. इस्पितळात नवा वॉर्ड उघडायचा होता आणि तिथल्या सगळ्या नोकरवर्गाला गडद निळे शर्ट हवे होते. एवढं मोठं काम मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. मोठं काम हातात घेतलं की माझी एक रीत आहे. कापडाच्या त्याच थानातला एक शर्ट मी आधी स्वतःला शिवतो आणि अंगावर घालून वापरतो. कापड आकसतं का, टोचतं का, उसवतं का, हे दुकानदाराच्या तोंडापेक्षा आपलं अंग खरं सांगतं. तर त्या निळ्या थानातला शर्ट मी बरेच दिवस अंगावर घालत होतो. गणवेश शिवून झाले होते, इस्त्री करून दुकानात टांगले होते. आणि आता माझ्या मानेवर, बरोबर कॉलर टेकते तिथे, काळा पट्टा!

मी आत जाऊन शर्ट काढला आणि हात वर करून काखा बघितल्या. तिथेही तेच. शर्टाला बाही जोडतात त्या गोल कापाला आम्ही मुंडा म्हणतो. मान आणि मुंडा. कापड अंगाला सगळ्यात जास्त घासतं त्या जागा याच. एखाद्या वकिलालाही याहून पक्का पुरावा मिळाला नसता.

"कापडाचा रंग जातोय," मी जाहीर केलं.

"मग बनियनवर का नाही गेला?" ही म्हणाली.

बायकांना धंद्यातलं काही कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. आता म्हणत नाही.

ते निळं थान मी कॉलरशेठकडून घेतलं होतं. कॉलरशेठचं कापडाचं दुकान माझ्या दुकानाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. मी दुकान टाकलं तेव्हापासून कापड त्याचं आणि शिलाई माझी. सकाळी आधी ज्याचं दुकान उघडेल त्याने दुसऱ्याच्या दारापुढे पाणी मारायचं, असा आमचा न बोललेला करार. त्याला सगळा बाजार कॉलरशेठ म्हणायचा, कारण त्याचे शर्ट नेहमी पांढरे आणि कॉलर नेहमी चांगली उंच. मला तो दर वेळी सांगायचा, "मास्तर, कॉलर जरा वर घे." मी हसून वर घ्यायचो. मला वाटायचं, शेठला मिरवायची हौस आहे. उन्हाळ्यात कानाखाली घाम निथळतोय तरी वरचं बटण लावून बसायचा. हौसेला मोल नाही, म्हणून मीही कॉलर ताठ ठेवणारं बकरम जरा जाड घालून द्यायचो.

मी तडक रस्ता ओलांडला.

"शेठ, तुझ्या थानाचा रंग जातो."

"कोणत्या?"

"निळ्या."

"अरे हट्! उकळत्या पाण्यात घाल, जाणार नाही."

"पाण्यात जात नसेल. घामात जातो. ही बघ माझी मान." मी मान दाखवायला वळणार, तेवढ्यात त्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. एक बाई हातातलं कापड खाली ठेवून म्हणाली, "रंग जातो का हो याचा?"

कॉलरशेठचा चेहरा त्याच्या शर्टाइतका पांढरा झाला. "मास्तर," तो दात आवळून म्हणाला, "दुकानात बोलायच्या गोष्टी आणि घरात बोलायच्या गोष्टी वेगळ्या असतात. आधी मान धुऊन ये."

आधी मान धुऊन ये! भर गिऱ्हाइकांत! मी मान न दाखवताच ती ताठ करून परत आलो. दुसऱ्या दिवशी माझ्या दारापुढे पाणी मारलेलं नव्हतं. मीही त्याच्या दारापुढे मारलं नाही. दोन दुकानांमधल्या धुळीत आमची मैत्री पडून राहिली.

पण खरी पंचाईत गणवेशांची होती. रंग जाणारे शर्ट इस्पितळात दिले आणि उद्या सगळ्या नर्सबाई काळ्या मानेने फिरू लागल्या, तर माझं नाव काय राहणार? आणि दिले नाहीत तर वॉर्ड उघडणार कसा? इस्पितळाच्या मेट्रनबाईंचा निरोप आला, "माल कधी पाठवताय?" मी सांगितलं, "कापडाची चौकशी चालू आहे." चौकशी हा शब्द फार उपयोगाचा. समोरचा माणूस आपोआप गप्प होतो आणि आपल्यालाही काही तरी चाललंय असं वाटतं.

तोवर मान साफ व्हायला हवी होती. ही बातमी बाहेर गेली कशी ते मला माहीत नाही, पण परत येताना ती सल्ले घेऊन आली. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तरीणबाई राहतात. त्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "लिंबू आणि मीठ. आणि मुलांना मी नेहमी सांगायची, कानामागे धुवा." मी आजोबा झालेला माणूस, पण त्यांच्यासमोर माझे हात आपोआप कानामागे गेले. शेजारचा सलूनवाला म्हणाला, "मास्तर, काळजी सोडा. माझ्याकडे क्रीम आहे. लोक चेहऱ्याला लावतात, तुम्ही मानेला लावा. मान तर चेहऱ्याचीच मागची बाजू." ते क्रीम लावल्यावर मान इतकी झोंबली की ती वाकवता येईना, मी दुकानात उभ्याने शिलाई मारली.

मग मी माझ्या धंद्यातली अक्कल चालवली. कापडावर तेलाचा डाग पडला तर आम्ही पेट्रोलचा बोळा फिरवतो. मी मानेवर फिरवला. डाग तसाच राहिला, फक्त दिवसभर जो येईल तो विचारायचा, "मास्तर, स्कूटर घेतली का?"

ही रोज संध्याकाळी काथ्याने मान घासायची. काळ्याच्या कडेने लाल रंगही आला. "कातडी जाड झालीय हो इथली," एक दिवस ती म्हणाली. "मखमलीसारखी लागते हाताला. हे मळाचं वाटत नाही मला. डॉक्टरला दाखवा."

"कापडाच्या तक्रारीसाठी डॉक्टर? उद्या पावसाच्या तक्रारीसाठी सोनाराकडे जायचं का?"

"पाणीही किती पिता हल्ली. हंडा पुरत नाही."

"उन्हाळा आहे."

"आणि सारखं उठता."

"पाणी पितो म्हणून उठतो."

माझ्या प्रत्येक उत्तरात तर्क होता. एकाही उत्तरात अक्कल नव्हती, पण ते तर्काचं काम नव्हे.

मी ग्राहकांच्या तक्रारींच्या कचेरीत जायचं ठरवलं. कॉलरशेठला धडा शिकवायचा म्हणून नव्हे, असं मी घरी सांगितलं. सत्य बाहेर यावं म्हणून. मुलगा म्हणाला, "बाबा, मी लिहून देतो अर्ज." सूनबाई म्हणाली, "मी टाइप करून आणते." मी दोघांनाही हात वर करून थांबवलं. अक्षरं मी उतारवयात शिकलो. त्याआधी अंगठा होता. शिकल्यापासून दुकानाच्या पाट्या, गोळ्यांची पाकिटं, बसच्या मागे लिहिलेलं, सगळं वाचून झालं होतं, पण स्वतःहून कोणाला काही लिहिण्याची वेळ आली नव्हती. माझ्या हाताने लिहिलेलं पहिलं पत्र सरकारला जाणार होतं. मी ते मशीनच्या फळीवर बसून लिहिलं, एकेक अक्षर टाक्यासारखं. "सदर कापडाने माझी मान व दोन्ही मुंडे काळे केले आहेत." हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सूनबाई पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, भरून आलं असेल.

कचेरीत खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्याने अर्ज वाचला आणि विचारलं, "तुम्ही ग्राहक की व्यापारी?"

"मी शिंपी."

"कापड विकायला घेतलं की वापरायला?"

"शिवायला घेतलं."

"शिवून विकायला?"

"हो."

"मग तुम्ही व्यापारी. व्यापाऱ्यांची खिडकी वर."

वरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "गणवेश खराब झाले का?"

"नाही. मान खराब झाली."

"मान मालात येते का?"

"नाही."

"मग तुम्ही ग्राहक. खाली जा."

मी खाली गेलो. पाणी प्यालो. परत वर जावं लागलं, परत खाली आलो, परत पाणी प्यालो. शेवटी असं ठरलं की गणवेशांशी या तक्रारीचा काही संबंध नाही. मी, एक साधा ग्राहक, एक शर्ट, आणि त्या शर्टाने झालेलं नुकसान, एवढंच.

"पुरावा?" कारकून म्हणाला.

मी शर्ट दिला. त्याने तो पिशवीत घातला, दोरी बांधली, लाख लावली. मग म्हणाला, "आणि दुसरा?"

"कोणता दुसरा?"

"नुकसान झालेली वस्तू."

मी पाठ फिरवली आणि कॉलर खाली केली. कारकून खिडकीतून वाकला. शेजारच्या टेबलावरचे दोघेही उठून आले.  मला दिसत नव्हतं, पण त्यांना पसंत पडली असावी.

"हे सील करता येणार नाही," कारकून शेवटी खिन्नपणे म्हणाला. "सुनावणीच्या दिवशी साक्षात घेऊन या. आणि एक लक्षात ठेवा, पुराव्यात फेरफार चालत नाही. तोवर मान घासायची नाही, धुवायची नाही, काही लावायचं नाही."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आमची ही काथ्या हातात घेऊन उभी होती.

"म्हणजे? मान धुवायची नाही?"

"सरकारी हुकूम आहे."

"या घरात सरकार कोण आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात पूर्वीही निघाला होता आणि त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पण या वेळी मी हटलो नाही. तिने माझी उशी वेगळी केली. नातवंडांना कोणी तरी सांगितलं की आजोबांची मान आता कचेरीची आहे, तर ती माझ्या पाठीवर बसायची बंद झाली. सलूनवाल्याने केस कापताना मानेपाशी वस्तरा थांबवला आणि गंभीरपणे म्हणाला, "नको मास्तर. उद्या मला साक्षीला बोलावतील."

दुकानात गणवेश टांगलेलेच होते. पलीकडे कॉलरशेठ गल्ल्यावर बसायचा, वरचं बटण लावून. रंग जातो ही कुजबूज बाजारात फिरली होती. त्याच्या दुकानात लोक यायचे, कापड बोटांनी चोळायचे, बोटं उजेडात धरून बघायचे आणि निघून जायचे. हे सगळं मला मशीनवर बसून दिसायचं. सत्य बाहेर येत होतं. पण मजा येत नव्हती.

मग मेट्रनबाई स्वतः आल्या. टांगलेल्या शर्टांवरून हात फिरवून म्हणाल्या, "मास्तर, सुनावणीपर्यंत थांबते. त्यानंतर नाही. दुसरा शिंपी बघून ठेवलाय." एवढं बोलून गेल्या. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

सुनावणीच्या दिवशी मी, ही आणि सूनबाई असे तिघे गेलो. कॉलरशेठ एकटा आला होता. बाकाच्या पार टोकाला बसला. हिने सवयीने विचारलं, "बरे आहात ना भावजी?" तो सवयीने म्हणाला, "बरा आहे वहिनी." मग दोघांनाही आठवलं की बोलायचं नाही.

साहेब मधल्या खुर्चीवर बसले होते. डोळ्यांवर चष्मा, समोर तपासणीचा कागद. त्यांनी वाचून दाखवलं. कापड थंड पाण्यात ठेवलं, रंग गेला नाही. उकळलं, गेला नाही. साबणाने चोळलं, गेला नाही. घामासारख्या खारट पाण्यात ठेवलं, तरी गेला नाही.

"काय म्हणणं आहे?" साहेबांनी मला विचारलं.

"साहेब, तो त्यांचा घाम. माझ्या घामाला जातो."

मागे कोणी तरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी शिपायाला हाक मारली, पांढरा स्वच्छ कापडाचा तुकडा ओला करून आणायला सांगितला, आणि मला म्हणाले, "पाठ करून बसा."

मी पाठ करून बसलो. म्हणजे आता सगळ्यांकडे माझी मान आणि माझ्यासमोर नुसती भिंत. शिपायाने माझ्या मानेवर तो ओला तुकडा घासला. जोर लावून घासला. तुकडा साहेबांपुढे धरला असणार, कारण कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"यावर निळं काहीच आलेलं नाही," साहेब म्हणाले. "मानेला रंगच लागलेला नाही. मग हे काळं कशाचं?"

 रंग नाही तर मग उरतं काय? मळ. भरल्या कचेरीत, स्वतःच्या हाताने अर्ज लिहून, लाख लावून, तारीख घेऊन मी सिद्ध केलं होतं की मी मान धूत नाही. भिंतीवर एक पाल होती. तीसुद्धा माझ्याकडे बघून वळली आणि ट्यूबलाइटमागे गेली.

हिचा आवाज आला. "साहेब, कचेरीचा हुकूम होईपर्यंत मी रोज घासत होते यांची मान! काथ्याने! आमच्या घरात अस्वच्छता नाही!"  तेव्हा मला वाटलं, पुरे. चूक माझी आणि मान खाली तिची. तक्रार मागे घेतो म्हणायला मी तोंड उघडलं.

पण त्याआधी टोकाकडून बाक करकरल्याचा आवाज आला. कॉलरशेठ उठला होता. त्याला काही करायची गरज नव्हती. तो जिंकला होता. गप्प बसून घरी गेला असता तरी बाजारात त्याचं कापड परत खरं ठरलं असतं आणि माझं तोंड कायमचं बंद झालं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "मला ती मान जवळून बघू द्या."

त्याची पावलं माझ्या मागे येऊन थांबली. एक बोट माझ्या मानेला लागलं. जरा फिरलं. मग तो हळूच म्हणाला, "मास्तर, वळ इकडे."

मी वळलो. तो वरचं बटण काढत होता. इतकी वर्षं ते बटण मी लावलं होतं, काज मी केलं होतं, पण ते उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने बटण काढलं, ती उंच कॉलर दोन्ही हातांनी खाली दाबली आणि साहेबांकडे पाठ केली. तो मान वाकवून उभा राहिला. तशीच मान. तसाच काळा, जाडसर पट्टा, या कानापासून त्या कानापर्यंत.

"साहेब, हा शर्ट पांढरा आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "याचा कुठला रंग जाणार?"

कोणी हसलं नाही.

"हा मळ नाही. मीही आधी घासघासून कातडी सोलली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे बाहेरून येत नाही, आतून येतं. आत साखरेचं गणित बिघडलं की काहींच्या मानेवर, काखेत असं उमटतं. माझी साखर तेव्हा निघाली." तो माझ्याकडे वळला. "मास्तर, आज सकाळपासून तू पाणी प्यायला किती वेळा उठलास? मी बघत होतो. मला वाटलं, घाबरलास म्हणून पितोस."

"घाबरलो होतोच," मी म्हणालो.  मग एकदम राग आला. "आणि हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? कापडाचा दुकानदार, पांढरं विकतो आणि मान काळी! लोक म्हणाले असते, हाच धूत नाही तर याचं कापड काय स्वच्छ असणार. म्हणून तुला म्हणायचो, कॉलर वर घे. तू कधी विचारलंस, का वर घेऊ?"

मी विचारलं नव्हतं. मी हसून वर घेतली होती.

"आणि तू तरी माझी मान आता पाहिलीस," तो म्हणाला. "त्या दिवशी दुकानात मी तुझी बघितलीच नाही. नुसतं धुऊन ये म्हणालो."

"मला हेच कोणी म्हणालं असतं तर..." असं काही तरी तो पुढे म्हणाला, पण तेवढ्यात हिला हुंदका आला आणि सूनबाई तिला पाणी द्यायला उठली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शिपायाला उगाचच म्हणाले, "पंखा वाढव."

दुसऱ्या दिवशी मी कॉलरशेठच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तो बरोबर आला, ही बरोबर आली, आणि ज्यांनी लिंबू-मीठ सांगितलं होतं त्या हेडमास्तरीणबाई दारापर्यंत आल्या, स्वतःचा सल्ला परत घ्यायला. रक्त तपासलं. साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी मान बघितली, काखा बघितल्या, मला काट्यावर उभं केलं, आणि काट्याकडे बघून माझ्याकडे बघितलं.

"वजन एवढं वाढलं तरी तुम्हाला कळलं नाही? कपडे घट्ट झाले नाहीत?"

आता हे त्यांना कसं समजावणार? सगळ्या जगाला आपण जाड झालो हे पँट सांगते. बटण लागत नाही, माणूस चपापतो, जेवण कमी करतो. शिंप्याचं तसं नसतं. पँट शिवताना आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखून ठेवतो, त्याला माया म्हणतात. माझी पँट जरा कुठे आवळायला लागली की मी दुपारी दुकान बंद करून ती उसवायचो, माया थोडी बाहेर काढायचो आणि परत शिवायचो. पुढच्या वेळी अजून थोडी. माझी पँट मला कधीच घट्ट झाली नाही. माझं पोट वाढत गेलं आणि मी त्याला वाट करून देत गेलो.

"मी शिंपी आहे," मी एवढंच म्हणालो.

त्या एकदम हसल्या. मग गंभीर झाल्या. "आजोबा, तुमच्या मानेचे आभार माना. ती लवकर बोलली. काही जणांच्या पायाची जखम बोलते, काही जणांचे डोळे बोलतात, तोवर फार उशीर झालेला असतो. घासणं बंद. क्रीम बंद. पेट्रोल," इथे त्यांनी हिच्याकडे बघितलं, म्हणजे हिने सगळं सांगितलं होतं, "पेट्रोल तर कायमचं बंद. गोळ्या घ्या, गोड सोडा, रोज चाला. आत सुधारलं की मान हळूहळू उजळेल."

"म्हणजे मान धुवायची की नाही?" मी विचारलं.

"धुवायची!" ही आणि डॉक्टरीणबाई एकदमच म्हणाल्या.

कचेरीचं मात्र उरलं होतं. मी सूनबाईला घेऊन तक्रार मागे घ्यायला गेलो तर कारकून म्हणाला, "नुसती मागे घेता येत नाही. तपासणी झालेली आहे. दोष कुठे आढळला ते लिहून द्यावं लागतं." त्याने कागद पुढे केला. सूनबाई लिहायला पुढे सरकली, मी तिला थांबवलं. सुरुवात माझ्या हाताने झाली होती, शेवटही माझ्याच हाताने व्हायला हवा. मी पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं: "माल चांगला आहे. दोष गिऱ्हाइकात आढळला."

कारकुनाने वाचलं. शिक्का उचलला आणि तसाच हवेत धरून राहिला. "असं आजवर कोणी लिहिलेलं नाही," तो म्हणाला. मग त्याने शिक्का मारला.

त्याच दिवशी मी गणवेश इस्पितळात पोचते केले. ते घेऊन जायला कॉलरशेठ आपल्या हातगाडीसकट आला आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगत होता, "निळा आहे, निळाच राहणार! घासून बघा!" मेट्रनबाईंनी शर्ट मोजून घेतले. सह्या झाल्यावर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, मान बघितली आणि फक्त "हं" म्हणाल्या. वॉर्ड वेळेवर उघडला.

काही दिवसांनी कॉलरशेठ दुकानात आला. पांढऱ्या कापडाचा तुकडा फळीवर टाकला. मी टेप घेतली, त्याच्या गळ्याभोवती फिरवली, बोट आत घातलं. "कॉलर?" मी विचारलं. आणि या वेळी पुढेही विचारलं, "का?"

त्याने वरचं बटण काढलं. "साधी ठेव," तो म्हणाला. "फार उकडतं रे."

बाजारात त्याला अजून सगळे कॉलरशेठच म्हणतात. नाव एकदा पडलं की माप बदलून उपयोग नसतो.

आता आम्ही दोघं रोज सकाळी चालायला जातो, दुकानं उघडायच्या आधी. माझ्या पँटी मी आत घेतोय, पुन्हा थोड्या थोड्या. माझी मान मला अजूनही दिसत नाही. सूनबाईने दोन आरसे धरून दाखवायचा प्रयत्न केला, पण मला त्यात कोणा अनोळखी माणसाचीच मान दिसली. म्हणून आम्ही एक व्यवस्था केली आहे. जाताना मी पुढे चालतो आणि कॉलरशेठ मागून माझी मान बघतो. येताना तो पुढे, मी मागे.

"मास्तर, कालपेक्षा उजळलीय," तो रोज सांगतो.

तो खोटं बोलतो हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण परत येताना मीही त्याला अगदी तेच सांगतो.